काळ हेच औषध म्हणतात, पण किती दिवस घ्यायचं?

गोदाकाठ
नमस्कार, असं काही पहिल्यांदाच लिहितेय, विस्कळीत झालं तर समजून घ्या. माझा मोठा भाऊ जाऊन १४ महिने झाले. वय ४१, हार्ट अटॅक, आजारपण नाही काही नाही, सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी फोनच आला. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, शेवटी मी म्हटलं दादा आईचं आणि पोरांचं मी बघते, तेव्हा शिवला. तेव्हापासून मी नुसतं बघतेच आहे, वहिनीचे पीएफचे कागद, भाच्याची फी, आईचं बीपी, रडायला म्हणून वेळच मिळाला नाही. सगळे म्हणायचे वर्ष जाऊ दे, काळ हेच औषध. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून आपापल्या गावाला गेले आणि मला त्याच्यानंतर सुरू झालंय. पुढे चालणाऱ्या कोणाची चाल त्याच्यासारखी दिसली तरी पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे देवासमोर हात जोडले जात नाहीत, संध्याकाळी दिवा लावते पण आत राग असतो. आईचा तर पोटचा मुलगा गेला, तरी तिचा हरिपाठ एक दिवस चुकलेला नाही, ते बघून मला अजूनच अपराधी वाटतं. वर्षानंतर जास्त त्रास होणं नॉर्मल आहे का?

तुळस
ताई, मला आईच्या बाबतीत ३ वर्षं लागली. आता फोटोकडे बघून हसू पण येतं. काळाने फरक पडतो हो, धीर धरा.

औसा_रोड
ताई आमच्याकडचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळं गाव झोपलेलं, मी १० वर्षांचा. किल्लारीच्या भूकंपात जवळपास १० हजार माणसं गेली, आमच्या घरातली दोन, आजी आणि धाकटी बहीण. दगडमातीच्या जाड भिंतीचे वाडे होते, माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, अंगावर आलं की माणूस वाचतच नव्हता. नंतर नवीन गावठाणात पक्कं घर मिळालं पण आमचे वडील ६ वर्षं त्या घरात झोपले नाहीत, थंडी असो पाऊस असो, बाहेर पत्र्याच्या शेडमधी बाज टाकायचे. काळ औषध म्हणावं तर ६ वर्षं गेली की, काही हललं नाही. त्यात नव्या गावात रस्ते मोठे, घरं लांब लांब, जुन्या गल्लीतला शेजार पार दुसऱ्या टोकाला गेलेला, मग ओट्यावर बसून बोलणार कोणाशी. आणि सगळ्यांच्याच घरात माणसं गेलेली, कोण कोणाला धीर देणार. एका वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडं शेतात जेवायचा सण असतो त्या दिवशी, जुने शेजारी आमच्या शेतात जेवायला आले, अंबील पिता पिता विषय निघाला, कोण कुठल्या भिंतीखाली होतं, कोणाला कोणी काढलं, माझ्या बहिणीला त्यातल्याच एका काकांनी काढलं होतं ते वडलांना तोवर माहीतच नव्हतं. दोघं दिवस मावळेपर्यंत शेतातल्या कोपीजवळ, म्हणजे कडब्याच्या खोपीजवळ, बसून रडले. त्या हिवाळ्यात वडलांनी बाज आत घेतली. तुमच्या दादाबद्दल तुमच्याशी बोलणारं कोणी आहे का ताई? कागद, फी सोडून, नुसतं त्याच्याबद्दल?

समुपदेशक_सातारा
मी समुपदेशनाचं काम करते म्हणून थोडं लिहिते. वर्षानंतर त्रास वाढलेला बरेचदा दिसतो, विशेषतः ज्यांनी घर सांभाळलं त्यांच्यात, तुमचं काही चुकत नाहीये. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग वगैरे) सगळे सांगतात पण १९६९ मध्ये त्या मांडल्या गेल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटवरून, मागे राहिलेल्यांचं टाइमटेबल म्हणून नाही. हां, दुःख फार लांबलं आणि रोजचं जगणंच अडलं तर त्याला प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसऑर्डर म्हणतात, डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान ६ महिने धरलेत, अमेरिकन यादीत मोठ्यांसाठी १२. पण तिथेही नुसते महिने मोजत नाहीत, झोप, जेवण, काम, माणसांत जाणं हे सगळं किती अडलंय ते बघतात. तसं अडलं असेल किंवा जगूच नये असं मनात आलं तर थांबू नका, १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.

पायी_वारी
देवाच्या रागाचं बोलतो. माझा मुलगा २०११ ला गेला, मी २ वर्षं माळ काढून ठेवली होती. आमच्या दिंडीतले एक म्हातारे वीणेकरी घरी आले, माळ घाल म्हणाले नाहीत, नुसतं म्हणाले चल, भजन म्हणू नको, चाल फक्त. आळंदी ते पंढरपूर अडीच तीन आठवडे, दिवे घाट चढताना मी त्या विठ्ठलाला मनातल्या मनात काय नाही ते बोललो. रात्री सासवडच्या मुक्कामी त्यांना सांगितलं तर म्हणाले जनाबाईनं त्याला उघड शिव्या दिल्यात, तुकोबांची बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, ते काय त्याच्याशी भांडले नाहीत होय, तू परका असतास तर भांडला असतास का. माळ त्या वर्षी नाही घातली, पुढच्या वर्षी घातली. ताई, दिवा लावताना राग येतो तर येऊ दे, लावताय ना. आणि आईला एकदा विचारून बघा, हरिपाठ म्हणताना त्यांच्या मनात काय चालतं ते. आपण धरून चालतो की त्या शांत आहेत.

गोदाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, औसा_रोड दादा तुमचं वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आईला काल विचारलं. म्हणाली मला अर्ध्या ओळी आठवतच नाहीत गं, थांबले तर त्याचाच आवाज येतो म्हणून मोठ्यांदा म्हणत राहते. मग दोघी रात्री दीडपर्यंत जाग्या होतो, त्याचा मोबाईल मी अजून चार्ज करून ठेवते, त्यातले फोटो पहिल्यांदा तिला दाखवले, एका फोटोत तो कढईतून भजी चोरून खाताना दिसतो, तो ती परत परत बघत होती. दिवा आज तिनेच लावला, मी बाजूला बसले होते, हात नाही जोडले.
पायी_वारी काका, आईचे गुडघे चांगले नाहीत, पूर्ण चालणं होणार नाही. नुसतं आळंदी ते पुणे एक दिवस चालायचं तर दिंडीत नाव द्यावं लागतं का?