बीबीसी मायक्रो संगणक मॉडेमवरून लिनक्सला जोडताना काही अक्षरे बिघडतात आणि जोडणी मधेच तुटते

खानापूर_रहिवासी

नमस्कार. माझ्याकडे बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा संगणक आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी योजनेत आपल्याकडील शाळांना हेच यंत्र दिले गेले होते, आणि पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. माझे यंत्र आमच्या तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी सुती कापडात गुंडाळून इतकी वर्षे जपले होते, ते त्यांनी गेल्या दिवाळीत माझ्या हवाली केले. वीजपुरवठ्याच्या पेटीतील जुने कपॅसिटर आधी बदलून घेतले आणि मगच यंत्र चालू केले. ते उत्तम चालते.

बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या मित्राच्या घरी लिनक्सचे यंत्र आहे आणि त्यावर आम्ही काही विद्यार्थ्यांची खाती उघडली आहेत. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे म्हणजे काय, हे मुलांना टर्मिनलसमोर बसून कळावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. माझ्या बाजूला २४०० बॉड वेगाचे जुने बाह्य मॉडेम (फोनवरून संगणक जोडणारे यंत्र) आहे. मित्राकडे ५६केचे बाह्य मॉडेम असून ते यूएसबी-सिरियल तारेने जोडले आहे. दोन्ही घरांतील फोन आता फायबरच्या डब्यातून येतात.

१२०० बॉडवर जोडणी होते, पण ‘लॉगिन’ या शब्दातील एल, ओ आणि आय ही अक्षरे नीट उमटतात आणि जी व एन यांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. चार-पाच मिनिटांत जोडणी तुटते. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे पुन्हा फोन लावल्यावर कधी कधी नाव आणि पासवर्ड न विचारताच मी थेट आत असतो. दोष फोनचा आहे, मॉडेमचा आहे की या जुन्या यंत्राचा, हे कसे ओळखावे?

उद्यमबाग_वर्कशॉप

आपण कोणती अक्षरे नीट येतात आणि कोणती बिघडतात हे नेमके लिहिले, त्यामुळे पहिला दोष इथे बसूनच सांगता येतो. तो फोनचा नाही. लहान लिपीतील एल हे अक्षर सात बिटांत ११०११०० असे लिहिले जाते, म्हणजे त्यात चार एक आहेत. ओमध्ये सहा आणि आयमध्ये चार. याउलट जी म्हणजे ११००१११, ज्यात पाच एक आहेत, आणि एनमध्येही पाचच. ज्या अक्षरांत एकांची संख्या विषम आहे नेमकी तीच बिघडत आहेत, याचा अर्थ मित्राचे यंत्र सात बिट व सम पॅरिटी (एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला आठवा तपासणी-बिट) अशा पद्धतीने पाठवत आहे आणि आपला बीबीसी मायक्रो, जो मुळातच आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असा सुरू होतो, त्या पॅरिटी बिटालाही अक्षराचाच भाग समजत आहे. फोनच्या खरखरीने अक्षरे बिघडली असती तर ती अशी निवडून बिघडली नसती. मित्राला त्या पोर्टची मांडणी आठ बिट, पॅरिटी बंद अशी करायला सांगा. आपल्या बाजूने खात्रीसाठी ‘स्टार एफएक्स १५६,२०,२२७’ ही आज्ञा द्या, आणि वेगासाठी ‘स्टार एफएक्स ७,४’ व ‘स्टार एफएक्स ८,४’, म्हणजे घेणे आणि पाठवणे दोन्ही १२०० वर राहील.

दुसरी गोष्ट, या यंत्राच्या मागचा सिरियल सॉकेट पाच पिनांचा आहे आणि त्यात प्लग उलटाही बसतो. उलटा बसला की पाठवण्याची आणि घेण्याची तार भलत्याच जागी जाते. प्लगच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. आमच्याकडे आलेल्या दोन यंत्रांत दोष म्हणून एवढाच निघाला होता. त्या सॉकेटात डेटा टर्मिनल रेडी (संगणक तयार आहे हे सांगणारी) ही तार मुळातच नाही, त्यामुळे काही मॉडेम समोर संगणकच नाही असे समजून फोन उचलत नाहीत. आपल्या मॉडेमला ‘एटी अँड डी०’ देऊन ती अट काढून टाका. आपल्याकडची डायल टोन ओळखता येत नसेल तर ‘एटीएक्स३’ द्या, म्हणजे मॉडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवेल.

मात्र माझा खरा आग्रह वेगळाच आहे. फोनच्या लाइनवर तपासणी करूच नका. कार्यालये बदलताना भंगारात निघणारा एखादा छोटा ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत फोन जोडणारी पेटी) आणा, त्याच्या दोन एक्स्टेन्शनांवर दोन्ही मॉडेम लावा आणि दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर मांडून एकमेकांना फोन करू द्या. त्यातून टोनही मिळते, रिंगही येते आणि मधे फायबर नसते. टेबलावर जे चालत नाही ते खानापूरहून चालणार नाही, आणि टेबलावर चालले तर पुढचा दोष कुठे शोधायचा हे निश्चित होते.

निपाणी_सिस्टिम

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. पण न विचारता आत जाण्याचा जो प्रकार आपण लिहिला आहे तो सर्वांत गंभीर आहे आणि मुलांची खाती उघडण्यापूर्वी तो मिटायलाच हवा. फोन सुटला हे लिनक्सला कळते ते मॉडेमच्या कॅरिअर डिटेक्ट (समोरचे मॉडेम जोडलेले आहे हे सांगणाऱ्या) या तारेवरून. ती तार खाली पडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या टर्मिनलवरील सत्राला हँगअपचा संकेत पाठवतो, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) बंद होते आणि पुन्हा लॉगिनचा प्रश्न दिसू लागतो. आपल्या मित्राकडे एक तर मॉडेम ती तार कायम चालू दाखवत आहे, किंवा लॉगिनचा प्रश्न विचारणाऱ्या गेटी प्रोग्रॅमला ‘ही जवळची तार आहे, कॅरिअर पाहू नकोस’ असे सांगणारा ‘उणे एल’ हा पर्याय दिलेला आहे. मग फोन सुटला तरी सत्र उघडेच राहते, आणि जो कोणी पुढचा फोन करील तो आधीच्या माणसाच्या खात्यात, त्याच्या अधिकारांसह, जाऊन बसतो. आज तो माणूस आपणच आहात. उद्या तो एखादा विद्यार्थी असेल.

म्हणून मित्राच्या मॉडेमला ‘एटी अँड सी१’ आणि ‘एटी अँड डी२’ द्या, फोन आपोआप उचलण्यासाठी ‘एस०’ हे रजिस्टर १ करा, आणि ‘ई०’ व ‘क्यू१’ देऊन त्याचे उलट बोलणे बंद करा, नाही तर मॉडेम आणि गेटी एकमेकांचीच अक्षरे परत पाठवत बसतात. शेवटी ‘अँड डब्ल्यू’ देऊन हे सारे जतन करा आणि गेटीच्या ओळीतून ‘उणे एल’ काढा. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, दोन्ही मॉडेमांना एकच मांडणी देऊ नका: बीबीसीच्या बाजूला डी शून्य, लिनक्सच्या बाजूला डी दोन. यूएसबी-सिरियल तारेत सर्व नऊ पिना जोडलेल्या आहेत का, हेही मीटरने पाहा, कारण तीनच तारा ओढलेल्या स्वस्त केबलमध्ये कॅरिअर डिटेक्ट पोहोचतच नाही.

शहापूर_काका

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुले केले तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो आणि माझे खाते शेल प्रकारचे होते. मॉडेमने फोन लावायचा, युनिक्सच्या यंत्रावर नाव सांगायचे आणि काळ्या पडद्यावर पत्रे वाचायची. तुम्ही मुलांना जे दाखवू पाहता ते मी रोज रात्री केले आहे, म्हणून हा धागा वाचून फार समाधान वाटले.

आता फायबरविषयी. त्या डब्यात आवाजाचे तुकडे करून पाकिटे पाठवली जातात. आवाज न दाबता पाठवला तर मॉडेमचे सूर बऱ्यापैकी पोहोचतात, पण माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली दाबण्याची पद्धत वापरली की सुरांचे रूपच बदलते. शिवाय एखादे पाकीट हरवले तर १२०० बॉडचे मॉडेम चुकते, कारण त्याची माहिती लहरीच्या फेजमध्ये असते. ३०० बॉडच्या व्ही.२१ पद्धतीत एका दिशेला फक्त दोन सूर ओळखायचे असतात, ते बरेच सहन होते. दोन्ही मॉडेमांना ‘एटीबी०’ द्या आणि दोन्ही पोर्ट ३०० वर ठेवा. ८० गुणिले २५ अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला १२०० वर सुमारे १७ सेकंद लागतात, ३०० वर सुमारे ६७. मुलांनी धीर धरावा. कॉल वेटिंगही बंद करून घ्या, तो मधला टूंक आवाज जोडणी तोडतो. आणि खानापूरच्या पावसात वीज गेली की तांब्याच्या तारेचा फोन चालू राहायचा, फायबरचा डबा राहत नाही; त्याला छोटा यूपीएस लावा.

खानापूर_रहिवासी

सर्वांचे आभार. रविवारी मित्राचे यंत्र खानापूरला आणले आणि जुन्या ईपीएबीएक्सवर एक्स्टेन्शन २१ वरून २२ ला फोन लावला. पॅरिटी काढताच ‘लॉगिन’ची पाचही अक्षरे स्वच्छ उमटली आणि १२०० बॉडवर दीड तास जोडणी टिकली. काम चालू असताना मुद्दाम मॉडेमची तार उपटली व पुन्हा फोन लावला, तेव्हा नाव आणि पासवर्ड विचारला गेला. ‘उणे एल’ खरोखरच तिथे होता. केबलही बदलावी लागली, तिच्यात तीनच तारा निघाल्या.

यंत्र टिळकवाडीला परत गेल्यावर फायबरवरून १२०० वर सहाव्या मिनिटाला जोडणी सुटली. काका, ३०० वर काल ती ४० मिनिटे चालली आणि शेवटी मीच बंद केली. मित्राच्या घरी त्यांची मुलगी लिनक्सच्या मुख्य कीबोर्डवर होती. मी ‘हू’ ही आज्ञा दिली आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटत दोन ओळी आल्या, एक तिच्या नावाची आणि एक माझ्या. मग तिने ‘राइट’ वापरून मला विचारले, “काका, तिकडे पाऊस आहे का?”