मदत हवी आहे: जुनी बेल्जियन डार्क एल मुरली की उतरली? गुण कसे द्यायचे?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या राजारामपुरीतल्या बैठकीत एल प्रकारच्या बिअरच्या एकाच बाटलीला एकाने ५० पैकी ४१ गुण दिले आणि दुसऱ्याने २७. दोघंही जाणकार, दोघांनी कारणं कागदावर लिहिलेली. ती वाचली तर दोघांना सापडलेले वास आणि चवी जवळजवळ सारख्याच! मग १४ गुणांचा फरक आला कुठून? मुरलेली बिअर कुठे संपते आणि उतरलेली कुठे सुरू होते, हे इथल्या अनुभवी लोकांनी नीट सांगावं म्हणून हा धागा काढतोय.

आधी बाटल्यांबद्दल. मामेभाऊ बेल्जियममध्ये लूव्हनला नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या आणल्या. विमानाने येताना माणशी दोन लिटरची सूट असते, त्यात सहा नेमक्या बसतात. सगळ्या एकाच ब्रुअरीच्या, एकाच नावाच्या, १० टक्के अल्कोहोलच्या. निम्म्या ताज्या. निम्म्या त्याने बरीच वर्षं तळघरात उभ्या ठेवलेल्या, त्यांची छापील मुदत केव्हाच उलटून गेलीय. नाव मुद्दाम देत नाही. नाव कळलं की तिच्या लौकिकावरच मतं पडायला लागतात, आणि मला नेमकं तेच टाळायचंय.

प्रवासात ढवळलेलं यीस्ट खाली बसावं म्हणून बाटल्या बरेच दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या होत्या. बैठकीच्या दिवशी आधी बाहेर काढून साधारण १२ अंशांवर येऊ दिल्या. हळू ओतल्या, तळाचा गाळ बाटलीतच ठेवला. रुंद पोटाचे, तोंडाशी निमुळते पेले वापरले.

ताजी बाटली: फेस दाट, बदामी रंगाचा, शेवटपर्यंत टिकला. नाकाला आधी पिकलं केळं, मग लवंग आणि मिरी, मागून बेदाणे. चवीला काकवी आहे, पण गिळल्यावर तोंडात गोडी अजिबात उरत नाही, शेवट कोरडा. अल्कोहोल घशाशी जाणवतं.

जुनी बाटली: फेस उठला आणि लगेच बसला. रंग तोच, पण पेला तिरका धरला की कडेला विटकरी झाक. केळं पूर्ण गायब, लवंगही पुसट. त्या जागी खजूर, सुकं अंजीर, बदामाच्या इसेन्ससारखा एक वास. पेला हातात थोडा गरम झाल्यावर चक्क मेथी! भाजलेल्या मेथीदाण्याचा वास मी तरी बिअरमध्ये पहिल्यांदाच घेतला. चव जास्त गोड, कडूपणा कमी, अल्कोहोलचा चटका गेलेला. एक घोट तोंडात नुसता धरून ठेवावासा वाटत होता, इतकी ती गोल झाली होती. पण पहिल्या हुंगण्यात ओल्या पुठ्ठ्याचा एक पुसट वासही होता, आणि तळाकडच्या घोटात किंचित सोया सॉस.

४१ देणारा मित्र हॉटेलच्या किचनमध्ये असतो. त्याचं म्हणणं, आयुष्यात प्यालेली ही सगळ्यात खोल बिअर. २७ देणारा मार्केट यार्डात गुळाची अडत चालवतो. गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) तुकडा मोडून, नाकाशी धरून, जिभेवर ठेवून भाव सांगणारा माणूस, त्याच्या नाकावर माझा पूर्ण विश्वास. तो म्हणाला, "सौद्यात पिवळाधमक नवा गूळ भाव खातो, जुना काळवंडलेला मागं पडतो. पण वैद्य औषधाला जुनाच मागतो. तू मला सौद्याला बसवलंयस का वैद्याकडं, ते आधी सांग." त्याने सौदा धरला आणि २७ दिले.

मला त्याचं उत्तर देता आलं नाही. गुणपत्रिका आम्ही बीजेसीपीची (बिअर परीक्षकांच्या संस्थेची) वापरतो, शैली 'बेल्जियन डार्क स्ट्राँग एल' धरली. जुन्या बाटलीला शैलीच्या वर्णनाला धरूनच तोलायचं का? केळं गेलं म्हणून गुण कापायचे का? मेथी आणि बदाम हे दोष की कमाई? आणि पुठ्ठा इतका पुसट असेल तर त्याचं वजन किती? दोन्ही प्रकारच्या बाटल्या अजून शिल्लक आहेत, त्यामुळे करून बघण्यासारखं काही असेल तर जरूर सांगा.

---

माल्टवाली

धागा आवडला. वर्णन इतकं स्वच्छ लिहिलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. मी घरगुती आणि क्लबच्या स्पर्धांमध्ये गुण दिलेत, त्यावरून सांगते.

स्पर्धेत दोन परीक्षकांचे गुण एकमेकांपासून सातच्या आत असावेत असा दंडक असतो. जास्त फरक पडला तर दोघांनी बोलून जवळ यायचं. तुमच्याकडे १४ चा फरक पडला, कारण दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. तुमच्या अडत्या मित्राने विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो बाटली उघडण्याआधी सुटायला हवा. शैलीची स्पर्धा असेल तर सौदा. जुन्या बाटल्यांचीच बैठक असेल तर वैद्य. बीजेसीपीच्या पत्रिकेवर शैली लिहिली की सौदाच धरायचा, म्हणजे त्याची पद्धत बरोबर होती. फक्त २७ जरा कडक वाटतात.

पत्रिकेची विभागणी बघा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण ठसा १०. फेस बसला म्हणून फार तर एक गुण जाईल, रूपाला आहेतच तीन. बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यीस्टमधून प्रथिनं तोडणारी विकरं सुटतात आणि फेस धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात, त्यामुळे जुन्या बाटलीत हे व्हायचंच.

आता केळं. तो वास आयसोअमाइल असिटेट नावाच्या एस्टरचा (फळासारखा वास देणाऱ्या संयुगाचा), आणि तो काळाबरोबर विघटित होतो. हॉप्स या फुलांचा कडूपणाही तसाच विरतो. कडूपणा उतरला की साखर तेवढीच असली तरी जिभेला गोड जास्त लागतं, तुम्हाला जाणवलेली गोडी बहुतेक तीच. या शैलीच्या वर्णनात सुकामेवा, मिरीसारखा मसालेदारपणा आणि भरदार माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याची चव) हे सगळं येतं, केळं ठळक असलंच पाहिजे असं नाही. तेव्हा केळं गेलं म्हणून कापू नका. ताज्या बाटलीत काकवीची चव असून गोडी नव्हती, ते या बिअरचं खरं कसब. बेल्जियन ब्रुअर बीटच्या साखरेचं गडद सिरप घालतात. त्यातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, मागे रंग आणि भाजलेला स्वाद उरतो. म्हणून १० टक्क्यांची असूनही जड होत नाही. जुनी बाटली तोलताना मी हाच कस लावते: गिळल्यावर शेवट अजून बंद होतो का, की गोडी नुसती पसरून राहते? पसरत असेल तर चवीचे दोन-तीन गुण जातात, वास कितीही सुंदर असो.

मेथी तुम्ही अचूक पकडलीत. सोटोलॉन नावाचं संयुग मेथीदाण्यात असतं आणि तेच जुन्या शेरीत, पोर्टमध्ये, मुरलेल्या गडद बिअरमध्ये तयार होतं. बदाम बेन्झाल्डिहाइडचा. दोन्ही ऑक्सिडेशनचीच लेकरं. गडद, माल्टने भरलेल्या, ८ टक्क्यांच्या वरच्या बिअरमध्ये ती शोभतात, इंग्लिश ओल्ड एलच्या वर्णनात तर शेरी-पोर्टची झाक उघडच मान्य केलीय. लागर या फिकट, हलक्या बिअरमध्ये हीच लेकरं घर बुडवतात.

पुठ्ठा मात्र कुठल्याच शैलीत चालत नाही. तो ट्रान्स-२-नॉनेनालचा, आणि फार थोडा असला तरी नाकाला कळतो. वजन किती द्यायचं ते असं ठरवा: घोट गिळा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. त्या श्वासात कागद आला तर चवीतूनही कापा. नुसता पहिल्या हुंगण्यात असेल आणि घोटानंतर खजूर-अंजीरच उरत असेल, तर वासातून दोन गुण आणि विषय संपला. सोया सॉस म्हणजे मेलेलं यीस्ट फुटून आतला ऐवज बाहेर आलेला. तळाकडच्याच घोटात असेल तर ओतताना थोडा गाळ आला असणार, त्याला मी सोडून देते. पहिल्या घोटापासून असता तर सोडलं नसतं.

तुमच्या वर्णनावरून मी ३४-३५ च्या आसपास थांबले असते, म्हणजे 'व्हेरी गुड'. शेफ मित्राला जे भावलं त्यासाठी 'एकूण ठसा'चे १० गुण आहेत, त्यात त्याने खुशाल ९ द्यावेत. पण तेवढ्यासाठी वासाच्या रकान्यातला पुठ्ठा झाकू नये.

---

लवंगी

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी एकच विचारतो. भावा, बैठकीआधी जेवण काय झालं होतं? मटण आणि तांबडा रस्सा हाणून बसला असाल तर ते गुण धरायचेच नाहीत. तिखटानं जीभ पेटली की अल्कोहोलचा चटका आणि मिरी दोन्ही वेगळं कळत नाही, आणि कांदा-लसूण मसाला नाकात तासन्‌तास बसतो. आम्ही आधी बिअर, मग जेवण असंच करतो. मधे फक्त साधा पाव आणि पाणी. अत्तर लावून कुणी आला तर त्याला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसवतो.

---

तळघर

बाटल्या शिल्लक आहेत म्हणून करून बघायला दोन गोष्टी.

एक, नाक आधी लावून घ्या. कोमट पाण्यात खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा भिजवून वाटी झाकून ठेवा. दुसऱ्या वाटीत भाजलेले मेथीदाणे, तिसऱ्यात पाण्यात टाकलेला बदाम इसेन्सचा थेंब, चौथ्यात सोया सॉसचा थेंब. बिअर ओतण्याआधी सगळ्यांनी हुंगायच्या, म्हणजे 'पुठ्ठा' असं कागदावर लिहिताना प्रत्येकाला एकच वास अभिप्रेत असतो.

दोन, तीन पेल्यांची चाचणी. एका माणसाने आत जाऊन ओतायचं: दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. बाहेरच्यांनी वेगळा पेला ओळखायचा. रंग-फेस दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घ्या किंवा दिवा मंद करा. नुसत्या अंदाजानेही तीनात एक बरोबर येतोच, त्यामुळे एकदा ओळखलं म्हणून भागत नाही, प्रत्येकाला दोन-तीनदा द्या. दर वेळी पेल्यात थोडीच ओता, म्हणजे एका जोडीत सगळ्यांचं होईल. ही ताजी-जुनी जोडी ओळखायला सोपी जाईल. खरी मजा दोन जुन्या बाटल्या समोरासमोर ठेवल्यावर: एकाच तळघरातल्या असूनही झाकणातून शिरलेल्या हवेमुळे त्या सारख्या निघतीलच असं नाही. पुठ्ठा एकीतच निघाला तर दोष त्या बाटलीचा, बिअरचा नाही.

---

पंचगंगाकाठ

माल्टवाली ताई, मनापासून आभार. नाकातून श्वास सोडण्याची युक्ती आजच सगळ्यांना कळवली. कागद श्वासात नव्हता, हे शेफ मित्रानेही खात्रीने सांगितलं. अडत्या मित्राला सौदा-वैद्यवाला भाग वाचून दाखवला. तो म्हणतो ३३ पर्यंत येतो, त्याच्या वर नाही. म्हणजे आता फरक उरला आठाचा, आणि शेफ ४१ वरून उतरायला तयार नाही.

लवंगी भाऊ, जेवण नंतरच होतं. पण फुटाणे आणि तिखट शेंगदाणे मधे होते, ते पुढच्या वेळी बंद.

तळघर, दोन जुन्या बाटल्या समोरासमोर हे आता करणारच. एक शेवटची शंका: त्या दोन्ही तेव्हाच संपवाव्यात, की एक अजून दोनेक वर्षं ठेवावी? तळघर आमच्याकडे नाही. पोटमाळा आहे, पण मे महिन्यात तो तापतो.

---

तळघर

पोटमाळा नको. दहा अंश तापमान वाढलं की या बदलांचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, आणि वाढतो तो पुठ्ठ्याकडे, मेथीकडे नाही. लूव्हनच्या तळघरात वर्षभरात जे होतं ते तुमच्या माळ्यावर एका उन्हाळ्यात उरकेल.

जुन्या दोन्ही संपवा. पुठ्ठ्याची पहिली चाहूल लागलीय, पुढे ती वाढू शकते. ठेवायचीच तर एक ताजी ठेवा: फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, उभी, कागदात गुंडाळून, दाराच्या रॅकमध्ये नको. १० टक्के आहे, टिकेल. पुढे मामेभावाला सांगताना मोठी बाटली मागा. शिमे ग्रांद रेझर्व्ह ७५ सेंटिलिटरमध्ये, बुचाची मिळते, आणि मोठ्या बाटलीत बिअरच्या मानाने हवा कमी असल्याने ती सावकाश मुरते. रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची, तीही ठेवायला चांगली. नावातला आकडा जुन्या बेल्जियन घनतेच्या मापाचा असतो, अल्कोहोलचा नाही, ते बघून घ्या. वेस्टमालची डबेल आणली तर ती मात्र ठेवू नका, ७ टक्क्यांची आहे, आली की प्या.