वजन जास्त असलं तर हात बधिर करून ऑपरेशन होतं का?

फोंडेकर: आई मागीलदारी शेवाळावरून घसरली, उजवं मनगट मोडलंय, बुधवारी प्लेट घालणार. वय 58, उंची 152 सेमी, वजन 104 किलो आणि रात्री खूप घोरते. भूलतज्ज्ञ म्हणतात पूर्ण भूल नको, ब्लॉक म्हणजे नसांजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू. शेजारी म्हणतात जाड माणसाला ब्लॉक लागतच नाही. पूर्ण भूलच मागू का? आईला तर चवथीच्या नेवऱ्या कोण करणार याचाच घोर लागलाय.

भूलवाली: मी भूलतज्ज्ञ आहे. लागतच नाही हे खरं नव्हे, फसायचं प्रमाण थोडं जास्त असतं इतकंच, कारण चरबीमुळे संवेदना नेणारी नस खोल जाते आणि सोनोग्राफीत धूसर दिसते. मनगटासाठी काखेतून देता येतो, हात बाजूला वर करून ठेवायचा, दंडाची चरबी कोणीतरी चिकटपट्टीने मागे ओढून धरायची, मग स्क्रीनवर धडधडणारी धमनी आणि तिच्या आजूबाजूला नसा दिसतात, सुईचं टोक दिसेपर्यंत औषध सोडायचं नाही. पूर्ण भुलीत अशा पेशंटला श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं आणि नंतर मॉर्फिनसारख्या औषधांनी श्वास मंदावतो, म्हणून घोरण्याचं आवर्जून सांगा, झोपेत श्वास अडकतो का तेही. मानेतल्या ब्लॉकने त्या बाजूचं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, काही तास ढिलं पडतं, काखेतल्यात ती भीती नाही. आणि डोस 104 किलोवर मोजत नाहीत, उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं ते धरतात, नाहीतर औषध रक्तात जास्त होऊन झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडतात.

म्हापशेकर: माझं वजन 118, गेल्या वर्षी असाच ब्लॉक दिलेला. चिमटा काढून बघितलं तर अंगठ्याच्या बाजूला हाताला कळत होतं, मी लगेच बोललो, त्यांनी तेवढ्या नसेला परत इंजेक्शन दिलं, मग काहीच कळलं नाही. आईंना सांगा, भीड धरू नका. रात्री 2 वाजता बधिरपणा उतरला तेव्हा मात्र जीव नकोसा झाला.

भूलवाली: म्हणूनच दुखण्यावरची गोळी हात बधिर असतानाच सुरू करायची, कुठली ते तुमच्या डॉक्टरना विचारा. आणि तोवर हात झोळीतच, गरम चहाचा कप त्या हाताला लागू देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

फोंडेकर: आभारी आहे ताई. मग उपाशी राहायला नको ना?

भूलवाली: हवंच! ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते. जेवण निदान 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, पण आईंना मधुमेह असेल किंवा चालू गोळ्या असतील तर तुमचे डॉक्टर सांगतील तसंच करा.