लंबरेषेचं समीकरण जुळतं, पण आलेखावर काटकोन येत नाही

अकरावी_नागपूर
बेसा भागातल्या एका लेआउटचा नकाशा प्रोजेक्टला घेतलाय, मापं मीटरमध्ये. रस्त्याची कड (०, ५) आणि (४०, ३५) मधून जाते. प्लॉटचा कोपरा (२९, ८), तिथून रस्त्यावर लंब टाकायचा आहे. रस्त्याचा चढ ३/४, म्हणून लंबाचा −४/३ घेतला. समीकरण आलं ४क्ष + ३य − १४० = ०. पण आलेखावर कोनमापक लावला की ५४ अंशच येऊन राहिले. आडव्या अक्षावर १ सेंमी = ५ मी, उभ्यावर १ सेंमी = १० मी. चुकलं कुठं?

शिकवणी_धरमपेठ
समीकरण खोडू नको, बरोबर आहे. गडबड प्रमाणात आहे. उभ्या अक्षावर एका सेंमीत दुप्पट मीटर बसवलेस, त्यामुळे कागदावर दोन्ही चढ निम्मे झाले: ३/८ आणि −२/३. गुणाकार −१/४; काटकोनाला −१ लागतो. एक रेषा २०.६ अंश चढते, दुसरी ३३.७ अंश उतरते. कोनमापक खरंच सांगतोय! दोन्ही अक्षांवर १ सेंमी = ५ मी घे.

आणि चढ न काढताही जमतं. रस्ता ३क्ष − ४य + २० = ०. सहगुणकांची अदलाबदल कर, एकाचं चिन्ह बदल: ४क्ष + ३य = क. आता (२९, ८) ठेव, क = ११६ + २४ = १४०. बरीच मुलं जुना २० तसाच पुढे नेतात, मग रेषा लंब असते पण कोपऱ्यातून जात नाही. रस्ता क्ष = १२ असा सरळ उभा असेल तर चढच नसतो; ही रीत तिथंही चालते.

साइटवरचा
लंबपाद, म्हणजे लंब रस्त्याला मिळतो तो बिंदू, काढून ठेव भाऊ, (२०, २०). कोपऱ्यापासून फरक ९ आणि १२, म्हणजे अंतर १५ मी. सूत्रानं ताळा: (८७ − ३२ + २०) ÷ ५ = १५.
जागेवर लंबपादाशी खुंटी ठोकून रस्त्याच्या कडेनं ६ मी, कोपऱ्याकडे ८ मी. तिरकं १० भरलं तर गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. ३-४-५ नेही होतं, पण खूण सेंमीभर सरकली तर कोन जास्त बिघडतो. टेप ताणून धरा, झोळ पडला की माप वाढीव दिसतं.

अकरावी_नागपूर
९० आला. मग दोन अक्षांना वेगळं प्रमाण घ्यायचंच नाही का?

शिकवणी_धरमपेठ
छेदनबिंदू वाचायचा असेल तर खुशाल घे, प्रमाण कोपऱ्यात लिही. फक्त त्या कागदावर कोन आणि तिरकी अंतरं मोजू नको.