मदत हवी आहे: बाथरूमची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाइपलाइन निघणार, मग गिझरच्या अर्थिंगचं काय?

1978 ची इमारत, पुणे, तिसरा मजला. बाथरूम पूर्ण फोडलंय. जुनी जीआय लाइन काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकची) टाकायची आहे. टाइल्स निघाल्यावर दिसलं की गिझरच्या सॉकेटमधून आलेली उघडी तांब्याची तार पाइपाला नुसती गुंडाळलेली आहे. घरात बाकी सगळीकडे दोनच वायरी, फेज आणि न्यूट्रल. गिझर 2000 वॅटचा. वायरमनचं म्हणणं, अर्थची पिन न्यूट्रलला जोडू आणि आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की वीज तोडणारा स्विच) लावू. प्लंबर उद्या पाइप कापतोय. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद 1

उद्या पाइप कापायच्या आधी थांबा. ती गुंडाळलेली तार हेच तुमच्या गिझरचं एकमेव अर्थिंग आहे. सीपीव्हीसी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पाइप बदलला की अर्थ गेला. गिझर मात्र वरवर पूर्वीसारखाच चालत राहील. इतर फ्लॅटवाल्यांनीही याच उभ्या लाइनीला तारा बांधल्या असतील, तर त्यांचा लीकेज करंट तुमच्या पाइपातून वाहू शकतो. म्हणून तुमचा मेन बंद केला तरी पाइप निर्धोक झाला असं धरू नका. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाइप घासून क्लॅम्प लावा, 4 चौरस मिमीची तांब्याची वायर जोडा आणि मगच कापा. उभी लाइनच बदलणार असाल तर वरखालच्या घरांना आधी कळवा.

न्यूट्रल-अर्थ जोडणी अजिबात नको. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे लागले, तर गिझरचा पत्रा थेट जिवंत होतो. सॉकेटमागे न्यूट्रल सुटला तरी गिझर चालू असताना तेच होतं. शिवाय एलिमेंट फुटून पत्र्यावर आलेला करंट न्यूट्रलनेच परत जातो. आरसीसीबीला आत-बाहेरचा करंट सारखाच दिसतो, म्हणून तो पडत नाही.

मीटररूममध्ये अर्थची पट्टी आहे का ते बघा. असेल तर तिथून 6 चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर डीबीपर्यंत (घरातल्या स्विच-फ्यूजच्या पेटीपर्यंत) आणि पुढे गिझरला फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही 2.5 चौरस मिमी. सध्या भिंतीत झिरी मारायची सोय आहे, तर हे आत्ताच करून घ्या.

धागाकर्ता

पट्टी आहे, पण गंजलेली. अर्थ चांगला असेल तर 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पुरेसा नाही का? नळांनाही अर्थ द्यायचा का?

प्रतिसाद 2

पुरेसा नाही. पिटचा (अर्थची पट्टी जमिनीत जाते त्या खड्ड्याचा) रोध 5 ओहम धरला तरी 230 भागिले 5, म्हणजे जेमतेम 46 अँपिअर. सी-कर्व्हचा (सी प्रकारचा) 16 अँपिअर एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात. 46 वर तो उशिरा पडेल आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. म्हणून गिझरसाठी वेगळा दोन-पोल आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र) घ्या, 16 अँपिअर, गळतीसाठी 30 मिलीअँपिअर. उलट, फक्त आरसीबीओ लावून अर्थ टाळू नका. अर्थ असेल तर दोष येताच तो पडतो. नसेल तर करंट जमिनीकडे जायला माणसाच्या अंगाचीच वाट उरते.

प्लॅस्टिक लाइनीवरच्या सुट्या धातूच्या नळांना अर्थ नको. बाहेरून आत येणारा, हात पोहोचेल असा जीआयचा तुकडा किंवा ओतीव लोखंडाचा ड्रेनपाइप उरला तर तो 4 चौरस मिमीने गिझर सर्किटच्या अर्थला बाँड करा, म्हणजे वायरने जोडा. क्लॅम्प टाइल्सखाली गाडू नका, पुढे तो तपासता आला पाहिजे.

गंजलेली पट्टी नुसती रंगवून चालणार नाही. सोसायटीला सांगून पिटचा रोध मोजून घ्या. घरात मल्टिमीटरने फेज-अर्थ 230 व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका, कारण हजार ओहमच्या अर्थवरही तो जवळपास तेवढंच दाखवतो. लूप टेस्टर (अर्थच्या पूर्ण वाटेचा रोध मोजणारं यंत्र) वापरणारा परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा.

प्रतिसाद 1

आणखी एक. आरसीबीओ लावल्यावर लगेच पडत असेल तर त्याला बायपास करू नका. आधी न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी एकत्र झालाय का बघा, मग जुनी न्यूट्रल-अर्थ जोडणी शोधा. दोन्ही नसेल तर गिझरची पिन काढून एलिमेंट 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. 1 मेगाओहमच्या खाली आला तर बदला, जड पाण्याच्या क्षारांनी एलिमेंटची नळी फुटते. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने फक्त आरसीबीओची यंत्रणा तपासली जाते. अर्थ तुटलेला असला तरी बटण दाबल्यावर तो पडतोच.