गाणी स्वच्छ ऐकू येतात म्हणजे हेडसेट ठीक?

ब्लूटूथ हेडसेटवर गाणी स्वच्छ ऐकू येतात म्हणजे हेडसेट कॉलसाठीही ठीक, हा निष्कर्ष पटत नाही. गाणी ए२डीपी या फक्त ऐकवण्याच्या ब्लूटूथ पद्धतीने जातात, कॉल एचएफपी या बोलण्या-ऐकण्याच्या पद्धतीने. गाण्यांच्या वाटेत माइक येतच नाही. रेकॉर्डर अ‍ॅपवर बोलून बघण्याचाही भरवसा नाही, कारण हेडसेट जोडलेला असूनही बरीच अ‍ॅप फोनचाच माइक घेतात.

खरी चाचणी कॉलवरच करा. फोन तीन-चार मीटरवर ठेवून दुसऱ्या नंबरवर कॉल लावा आणि हेडसेटच्या माइकच्या भोकाजवळ नखाने हळूच खरवडा. पलीकडे खरखर मोठी ऐकू आली तर माइक हेडसेटचाच चालू आहे. मग तोच कॉल न तोडता आवाज हेडसेटवरून फोनवर आणि परत वळवा, दोन्हीकडून एकच वाक्य बोला. हे महत्त्वाचं, कारण नेटवर्कचा दोष दोन्हीकडे सारखाच येतो. फक्त हेडसेटवर 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू येत असतील तर जोडणी बहुधा ८ किलोहर्ट्‌झच्या जुन्या सीव्हीएसडी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवण्याची पद्धत) आहे. एमएसबीसी या नव्या कोडेकला १६ मिळतात, म्हणून अक्षरं जास्त स्पष्ट येतात. दोघांपैकी एक जण २जीवर असेल तर मात्र हा फरक कळणारच नाही, आधी दोन्हीकडे व्होल्टे (४जीवरून कॉल) चालू आहे का बघा.