बीएस्सी जिऑलॉजीची फील्ड टूर राजस्थानलाच कशाला?

घाटमाथा: भाचीच्या टी.वाय.ची टूर उदयपूर-झावरला निघालीय, खर्च ज्याचा त्याने करायचा. मला पटत नाही. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग दख्खनच्या बेसॉल्टने, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाने, व्यापलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर घाटात एकावर एक मोजता येतात, त्यांच्यामधले लाल बोलचे, म्हणजे लाल मातकट थराचे, पट्टे तर एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. कुकडीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे, पाण्याने खडकात कोरलेले खड्डे, आहेत. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर बघायला जगभरातून संशोधक येतात, आणि आपली पोरं परराज्यात! यात टूरच जास्त, फील्ड कमी.

क्लायनोमीटर: काका, बेसॉल्ट डोक्यावर घेऊ, पण आपले थर जवळजवळ आडवे आहेत. स्ट्राइक-डिप, म्हणजे थराची दिशा आणि उतार, मोजायचं कशावर? आकडा शून्य नाहीतर एक अंश. अरवलीत थर उभे राहिलेत, घड्यांवर पुन्हा घड्या पडल्यात. तिथे दिवसभर ब्रंटन, म्हणजे दिशा-उतार मोजायचा कंपास, घेऊन हिंडलं, की कलता थर दरी ओलांडताना नकाशावर इंग्रजी व्हीसारखा का वळतो ते कळतं. वर्गात ते नुसतं पाठ होतं. शिवाय झावरला जस्त-शिशाच्या खाणी आहेत, आणि जुन्या काळी जस्त गाळलेल्या मातीच्या मुशींचे ढीग.

रामटेककर: दोघांनाही नाशिकच्या पलीकडे महाराष्ट्र आहे हे ठाऊक नाही वाटतं. मनसर-रामटेककडे या. सौसर गटाचे जुने रूपांतरित खडक आहेत, शिस्ट (पापुद्र्यांचा खडक), संगमरवर, मँगनीजच्या खाणी. घड्या हव्या तेवढ्या. वर उमरेडचा कोळसा.

क्लायनोमीटर: मनसर मान्य. पण तिकडे बराचसा खडक माती-झाडीखाली. नवशिक्याला अख्खी घडी उघड्यावर दिसायला हवी, ती राजस्थानात दिसते.

पासआउट_मुलगी: कुठे न्यायचं यावर किती भांडाल? टूर सक्तीची, रिपोर्टला मार्क, आणि पैसे घरचे, यावर बोला की. आमच्या वर्गातल्या दोघींना घरून पाठवलं नाही. त्यांना दुसऱ्यांच्या फील्डबुकातून रिपोर्ट उतरवायला लावला. न बघितलेल्या खडकाचा डिप लिहिला त्यांनी, मार्कही मिळाले!

घाटमाथा: हेच म्हणतोय मी! घड्यांपुरतं क्लायनोमीटरचं खरं धरू. पण मग एफ.वाय.पासून महिन्यातून एकदा जवळच्या घाटात न्या. तीन वर्षांचं फील्ड एका टूरमध्ये कोंबू नका. लोकल फील्डला एसटीचं तिकीट पुरतं.

क्लायनोमीटर: न्यायला हरकत नाही, आम्ही शिक्षक नेतोच. पण बेसॉल्टच्या एखाद्या पोकळीत झिओलाइटचे स्फटिक चमकले, की सगळी फौज हातोडी घेऊन तिथेच, फ्लो (लाव्हाचे थर) मोजायचे राहतात. लांबच्या टूरची सक्ती मात्र मी सोडणार नाही. पैसे कॉलेजने द्यावेत, यासाठी सही मागा, करतो.

रामटेककर: माझीही घ्या. आणि लोणारला गेलात तर हातोडी गाडीतच ठेवा, ते अभयारण्य आहे.